हरिणीचा अर्धा प्रश्न

डोंगराच्या अलीकडच्या रानात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. जवळच सावरीच्या झाडावर एक खार राहत होती. मुलांनो, त्या रानातले पोपट रोज सकाळी डोंगर ओलांडून पलीकडच्या मोठ्या जंगलात जात. कोणाला अडचण आली, की तो पोपटांना प्रश्न सांगे. पोपट तो जसाच्या तसा पलीकडे बोलून दाखवत आणि संध्याकाळी उत्तरे घेऊन येत.

एकदा पाडस लंगडू लागले. हरिणीने पोपटांना सांगितले, "पाय दुखतो, उपाय विचारा." संध्याकाळी उत्तरे आली. हत्तीने सांगितले होते, "चिखलात उभा राहा." अस्वलाने सांगितले होते, "झाडावर चढणं बंद कर." म्हाताऱ्या वानराने तर उलट विचारले होते, "कोणाचा पाय? झालंय काय?" हरिणी चिडली. त्याच संध्याकाळी खारीला मात्र एकच नेमके उत्तर मिळाले. तिच्या पिल्लाचा पंजा डिंकाने चिकटला होता आणि तिने तसेच नीट सांगून विचारले होते. वानराने सांगितल्याप्रमाणे तिने मोहाच्या बियांचे तेल चोळले आणि पंजा मोकळा झाला. हरिणीला ते बघवेना. 'एवढीशी ही खार, पण हिला लगेच उत्तर! माझं पाडस लंगडतंय, त्याचं कोणाला काहीच नाही,' असे म्हणत ती मनात जळत राहिली. खारीशी तिने बोलणेच टाकले.

दुसऱ्या दिवशी तिने पोपटांना विचारले, "खारीने काय विचारलं होतं? माझ्यासाठीही तेच विचारा." साहजिकच तेच उत्तर आले. हरिणीने पाडसाच्या पायाला तेल चोळले. तेलकट खूर खडकावरून घसरला, पाडस पडले आणि त्याला उभेही राहता येईना. जवळच्याच नाल्यात रानकुत्री फिरत होती. हरिणी पोपटांवर ओरडली, "तुम्ही खारीचीच बाजू घेता." थोरला पोपट शांतपणे म्हणाला, "आम्ही ऐकतो तेवढंच बोलतो, बाई. तुझं पाडस तिथे कोणाला दिसत नाही. तू तरी त्याचा पाय पाहिलास का?"

 हरिणीने पहिल्यांदाच पाडसाचा पाय निरखून पाहिला. मग ती म्हणाली, "विचारा, माझ्या लहान पाडसाचा मागचा उजवा पाय तीन दिवस सुजलाय. खुराच्या फटीत काट्याचं टोक दिसतं, पण माझ्या दातांत येत नाही. तो कसा काढू?" संध्याकाळी वानराचे एकच उत्तर आले, "पाय पाण्यात भिजव. मग बारीक दातांच्या कोणाकडून तरी काटा ओढून घे. तुमच्याकडे एखादी खार असेलच."

हरिणी बराच वेळ सावरीखाली घुटमळली. शेवटी मान खाली घालून तिने खारीला हाक मारली आणि काट्याचे सांगितले. खार लगेच उतरली आणि म्हणाली, "अगोदरच सांगायचंस ना, ताई." पाय पाण्यात भिजवल्यावर तिने एका झटक्यात काटा ओढून काढला आणि पाडस पुन्हा उभे राहिले.

तात्पर्य : ज्याला आपली अडचण दिसत नाही, त्याला ती आधी स्वतः नीट पाहून मग पूर्ण सांगावी; दुसऱ्याच्या उत्तराचा हेवा केल्याने आपला प्रश्न सुटत नाही.