झाकणाखालची जागा

"सत्तेचाळीस मिलिमीटरचा कूलर अगदी मापात बसला उस्ताद! तरी मशीन बंद का पडतं?"

चष्मा कपाळावर सरकवून उस्ताद समोरच्या डब्याकडे पाहत राहिले.

नूरमहंमद उस्ताद. भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये छत्तीस वर्षं इंजिनांची वायरिंग केली. निवृत्त झाल्यावर बाजारामागच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. चेतन वायकोळे कॉलेजात असताना दोन उन्हाळे त्यांच्याकडे सोल्डरिंग शिकला होता. पुढे तो पुण्यात मोठ्या पगारावर लागला आणि शिष्य गुरूपेक्षा उंच झाला. निदान स्वतःच्या फूटपट्टीने तरी.

आज तो वडिलांना घेऊन आला होता.

वायकोळे सर बाकावर बसले होते. गळ्याभोवती पातळ पांढरा रुमाल. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं... तीस वर्षं वर्गात भूगोल शिकवणारा आवाज गेला.

फोनवरची बारीक अक्षरं त्यांच्या थरथरत्या बोटाला सापडत नव्हती. म्हणून चेतनने मोठ्या बटणांचा कीबोर्ड आणला आणि मिठाईच्या डब्याएवढा कॉम्प्युटर स्वतः जोडला. खुर्चीशेजारच्या स्टुलावर मावावा म्हणून एवढासा. सर टाइप करत, डबा बोलत असे.

मे महिना लागला तसा तो डबा तापून वाक्याच्या मध्येच बंद पडायला लागला.

"आठ दिवस झाले, बाबांनी एक अक्षर टाइप केलेलं नाही," चेतन म्हणाला. "उद्या मी पुण्याला जाणार. घरात ते एकटे. रात्री-अपरात्री काही झालं तर शेजारच्या काकूंना फोनवर सांगणार कसं?"

सर खाली बघत होते.

उस्तादांनी झाकण काढलं. आत प्रोसेसरवर कूलर बसवलेला होता. खाली धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर, वरून हवा ओढणारा चपटा पंखा.

"हा कितवा?"

"तिसरा. पहिला सत्तावीस मिलिमीटर उंचीचा, तो कमी पडला. मग सदतीसचा मागवला. पण त्याच दिवशी हा सत्तेचाळीसचा दिसला, म्हणून तो लावलाच नाही." चेतन आता रंगात आला. "झाकणाखाली जागा अठ्ठेचाळीस. स्वतः मोजली. एवढीसुद्धा वाया घालवली नाही!"

आपल्याकडे रिकामी जागा कुणाला बघवत नाही. माळ्यावर फुटकी बादली ठेवू, पण माळा मोकळा ठेवणार नाही.

"हुशार आहेस," उस्ताद म्हणाले.

चेतन खूश झाला. इतक्यात व्हायला नको होतं.

"सदतीसचा आणलायस?"

"बॅगेत आहे. पण त्याचं काय? मोठ्याने भागत नाही, तिथे छोटा काय दिवे लावणार?"

उस्ताद उठले. कोपऱ्यातला छोटा टेबल फॅन त्यांनी सरांच्या दिशेने वळवून चालू केला. सरांच्या रुमालाचं टोक फडफडू लागलं.

मग त्यांनी डब्याचं झाकण उचललं... आणि फॅनच्या पाठीला घट्ट दाबून धरलं.

पंख्याचा आवाज वाढला. रुमाल मात्र पडून राहिला.

"पंखा फिरतोय?"

"फिरतोय."

"डब्यातल्या पंख्यापेक्षा मोठा आहे?"

"...आहे."

"वारा?"

चेतनने पडलेल्या रुमालाकडे पाहिलं.

उस्तादांनी झाकण थोडं मागे घेतलं. एक बोट... दोन बोटं... रुमाल पुन्हा हलला. सरांनी सुखाने डोळे मिटले.

"झाकणाला वर जाळी नाहीच," चेतन हळूच म्हणाला. "भोकं बाजूंना आहेत. पंखा झाकणाला चिकटल्यावर..." त्याने कपाळावर हात मारला. "पण मी जागा मोजली होती उस्ताद!"

"मोजलीस ना. कुणासाठी?"

"कूलरसाठी."

"आणि हवेसाठी?"

चेतनने बॅगेतून सदतीसचा कूलर काढला. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चार स्क्रू आवळले, झाकण बसवलं. मशीनवर मुद्दाम जड काम टाकून तो पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे टक लावून बसला.

साठ. सत्तर. बहात्तर... चौऱ्याहत्तर.

बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

अर्धा तास गेला. चौऱ्याहत्तर. तास गेला. चौऱ्याहत्तरच.

चेतनने केवढा तरी मोठा श्वास सोडला. ऑपरेशनच्या दिवसापासून त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून तो उरलेले स्क्रू उगाचच डबीत भरत राहिला.

"बाबा, आता बोला! आता नाही बंद पडायचं."

त्याने कीबोर्ड सरांच्या मांडीवर ठेवला. सरांनी एक बोट उचललं. एकेक शब्द पुरा झाला की डबा तो उच्चारत होता.

"उस्ताद..."

सर पुढचं अक्षर शोधत होते. बराच वेळ गेला.

"...तुमचा..."

"आभारी आहे!" चेतन म्हणाला. "तुमचा आभारी आहे, असं म्हणतायत बाबा."

सरांचं बोट थांबलं. हात मांडीवर आला.

उस्तादांनी चेतनकडे पाहिलं. मग बाकावर, सरांच्या शेजारी जाऊन बसले. घाई कसलीच नसल्यासारखे नुसते बसून राहिले.

चेतनने तोंड उघडलं... आणि मिटलं.

सरांचं बोट पुन्हा वर आलं.

"...शिष्य..."

पंखा फिरत होता.

"...मला... वाक्य..."

चेतनच्या ओठांवर तीन शब्द येऊन गेले. त्याने ते गिळले.

"...पुरं... करू... देत... नाही."

चेतनचे कान लाल झाले. मग सरांचे खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नव्हता, पण हसत होते, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार महिन्यांत पहिल्यांदाच. चेतनही हसला, आणि त्याने वडिलांचा हात घट्ट धरला.

उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला.

"घेऊन जा बेटा," ते म्हणाले. "आता दुरुस्त झालं."