भाग्याचं गाठोडं

"मग तुम्हीच सांगा अप्पा, असल्या घरात मूल देवाकडे वळणार तरी कसं?"

श्रीकरचा आवाज चढला होता. अप्पांच्या मठात तो सगळ्यांत हुशार शिष्य, आणि दुर्दैवाने हे त्यालाही ठाऊक होतं.

"दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट. आईबाप थकलेले. एका गल्लीत नाना जातीधर्मांची बिऱ्हाडं, धड देवघर एकाकडेही नाही. निदान त्या लहानग्या भाग्याला तरी मठात आणू या. तिची आई तयार झाली आहे."

"तयार... की घाबरली आहे?"

श्रीकरने नजर चुकवली.

"चल," म्हणत अप्पा उठले.

सोलापुरातली ती खोली मागानेच भरून गेली होती. भाग्याची आई नरसम्मा मागावर उभी होती. कोपऱ्यात पोरीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं. पोर चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती.

तेवढ्यात धागा तुटला. नरसम्माने माग थांबवला.

खोलीत एकदम शांतता...

नरसम्मा वाकून तुटलेलं टोक शोधू लागली. कुणी न सांगता भाग्याने बाहुली खाली ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. आईने गाठ मारली. दोघींचे ओठ हलले.

जरा वेळाने भिंतीपलीकडचा मागही थांबला. तिकडून शेजारच्या रेहानाबीचा आणि तिच्या नातवाचा आवाज आला, "बिस्मिल्ला."

"हे काय होतं, बाई?" अप्पांनी विचारलं.

नरसम्मा ओशाळली. "काही नाही, महाराज. पूजेला वेळ कुठं मिळतो आम्हाला? धागा तुटला की तेवढं नाव घेतो. सगळी गल्लीच घेते. ज्याचा त्याचा देव." मग तिला रडू आवरेना. "लेकराला आम्ही काही देऊ शकत नाही म्हणाले हे तुमचे शिष्य. म्हणून पाठवते, महाराज. पण हिच्याशिवाय..."

अप्पांनी गाठोडं सोडलं. एकेक फ्रॉक काढून दोरीवर टाकला.

भाग्या टाळ्या पिटत आईला बिलगली. दारात गल्ली गोळा झाली. रेहानाबी तर हसता हसता रडू लागली. मला विचाराल तर इतका आनंद त्या गल्लीने दिवाळीला नि ईदलाही पाहिला नसेल.

श्रीकरची मान खाली गेली होती. "निघू या, अप्पा?" तो हळूच म्हणाला.

अप्पा जागचे हलले नाहीत. नरसम्मापुढे हात जोडून म्हणाले,

"लेक नका पाठवू, बाई. हा माझा थोरला शिष्य... जमलं तर याला ठेवून घ्या."