मुहूर्तामागं न धावणारी मिरवणूक

मांडवातले पाहुणे अक्षता मुठीत धरून घामाघूम झाले, तरी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापाशीच नाचत होती. मुहूर्त टळत चाललेला, आणि पुढचा थेट तुळशीच्या लग्नानंतरचा. नवरीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. बहिणीला, म्हणजे हौसाआत्याला, घेऊन त्यानं देऊळ गाठलं.

नवरदेवाचे चुलते हिंदुराव म्हणजे बडं प्रस्थ. फेट्याचा तुरा सावरत ते म्हणाले, "घाई कसली पाव्हणं? आमची मिरवणूक मुहूर्तामागं धावत नसती! आणि गाणं बंद केलंसा, तर नवरदेव हितनंच माघारी जाईल."

बापानं हात जोडले. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "गाणं कशाला बंद करायचं? वाजू द्या की!"

डीजे होता आत्याच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, आणि पोरं नाचत होती ट्रॉलीच्या मागं. आत्यानं पदर खोचला, ट्रॅक्टरवर चढली, गिअर टाकला आणि निघाली मांडवाकडं. गाणं पुढं चाललं तशी पोरं मागं, पोरांमागं नवरदेवाची घोडी, आणि सगळ्यांत शेवटी एका हातानं धोतर नि दुसऱ्यानं फेटा धरलेले हिंदुराव!

अंतरपाट धरला, तेव्हा मंगलाष्टकं म्हणण्यापुरताच वेळ उरला होता.

"आमचा शब्द मोडलासा!" हिंदुराव धापा टाकत गरजले.

"छे हो पाव्हणं," आत्या म्हणाली, "मुहूर्तामागं तुम्ही एक पाऊल धावला नाहीसा. धावलासा ते गाण्यामागं."