दारातली तुळई

उठा, उठा हो पाहुणे! बसायला तिकडे सावलीत बाक आहे. चर्चच्या दारात आडवी पडलेली ही सागाची तुळई. हिच्यावर आमच्यात कुणी बसत नाही, आणि हिला इथून कुणी हलवतही नाही. का, ते सांगते. मी खालच्या आळीची मार्थाबाई, तेव्हा जरा चिडूनच सांगेन. चालवून घ्या.

फार मागची गोष्ट. दोन्ही आळ्या ख्रिस्ती, पण एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत. चर्च तेवढं मिळून बांधायचं ठरलं, असं सांगतात. भिंती उभ्या केल्या खालच्या आळीच्या अमोस गवंड्यानं. त्याची बायको तबिथा वरच्या आळीची. छपराची तुळई चढवायला एका टोकाचा दोर एका आळीनं ओढायचा, दुसऱ्या टोकाचा दुसरीनं. सागही खालच्या आळीच्या रानातला, आणि तिथंच वरच्यांच्या पोटात दुखलं. भिंती यांच्या, तुळई यांची, मग आपलं काय? तुळई वर पोचली की दोर सोडायचा. ती मोडली की आपल्या रानातलं लाकूड घ्यावंच लागेल, असं त्यांनी आपसांत ठरवलं.

तबिथाच्या धाकट्या भावाला, योहानला, हे ठाऊक होतं. आपल्या आळीशी बेइमानी कशी करायची म्हणून तो गप्प बसला. त्या सकाळी बहिणीच्या घरी तिच्या हातची भाकरी खाल्ली, तरी गप्पच!

तुळई वर गेली. ती खाचेत बसवायला अमोस भिंतीवर चढला होता. त्यानं वरून विचारलं, "योहान, धरलंय ना?"

दोराला सगळ्यांत पुढे योहानच होता. म्हणाला, "धरलंय, दाजी."

अमोसनं हात आत घातले, आणि मागच्यांनी दोर सोडला. योहान एकटा दोराला लोंबकळत राहिला म्हणे, पण त्याचा काय उपयोग? अमोसचे दोन्ही पंजे चिरडले. गवंड्याचे पंजे हो! तुळई घरंगळून दारात पडली.

तबिथा त्या तुळईपाशी उभी राहिली. "माझ्या घरचं खाऊन आलास रे," एवढंच भावाला बोलली. मग सगळ्यांना बजावलं, "ही इथंच राहील. दुसऱ्या आळीच्या माणसाला धरल्याशिवाय हिला कुणी ओलांडायचं नाही. बघू आत कोण जातं ते."

कुणीच गेलं नाही. खालची आळी हात देईना, वरचीला मागायला तोंड नव्हतं. बिनछपराच्या भिंतींत गवत माजलं. योहान तेवढा दर रविवारी उन्हात येऊन उभा राहायचा. आपण बांधलेलं चर्च असं उघडं पडलेलं शेवटी अमोसला बघवेना. एका रविवारी त्यानं आपला थोटा हात पुढे केला. धरायला पंजा नव्हता, म्हणून योहाननं कोपर धरलं, आणि दोघं रडत आत गेले. त्यांच्या मागनं एकेक जोडी गेली. मग नवी तुळई दोन्ही आळ्यांनी मिळून चढवली.

तबिथानं वरच्या आळीतल्या सगळ्यांना हात दिला. भावाला मात्र मरेपर्यंत दिला नाही, असं सांगतात. तिला कुणी नावं ठेवत नाही. मीही ठेवत नाही.

आजही आम्ही इथं कोपरच धरतो. माझी जोडी वरच्या आळीच्या शलमोनशी. मेला दर रविवारी उशीर करतो! आत गाणं सुरू झालं तरी मी आपली बाहेर ताटकळत उभी. तो बघा, आला एकदाचा. आता बघा हं, "धरलंय ना?" असं मी त्याला विचारणार नाही. इथं कुणी कुणाला विचारत नाही. आपल्या डोळ्यांनी बघतो, आणि मगच पाय उचलतो.