तीन मुळांची भाषा

जांभळीच्या रानात, एका इवल्याशा झोपडीत तानी राहायची. तिची आई सहा दिवस तापाने फणफणत पडलेली. चुलीत राख, मडक्यात नुसतं पाणी, आणि पाच वर्षांचा भाऊ दौलू. दौलूला माणसांची बोली यायचीच नाही. तानीने त्याच्यासाठी बनवलेली भाषा तेवढी यायची. त्या भाषेला मुळं तीनच. 'मुम'पासून मुमा म्हणजे भात, मुमणं म्हणजे जेवणं. 'टिम'पासून टिमा म्हणजे दिवा, टिमणं म्हणजे उजळणं. 'लुल'पासून लुला म्हणजे ताई, लुलणं म्हणजे कुशीत घेणं. एवढ्यावर दोघांचं झकास चालायचं.

त्या दुपारी तानी दौलूला घेऊन झोपडीमागे औषधी पाला शोधत होती. पाला सापडेना, रडू थांबेना. तेवढ्यात गुलबक्षीतून आवळ्याएवढी परी बाहेर आली. मोरपंखी पंख, सोनसळी झगा, पायांत दवाचे चिमुकले पैंजण.

"रडू नकोस गं बाळ. आईला बरी करते. पण माझ्या बागेत लावायला शब्दांची मुळं लागतात."

"मग 'ताप' घेऊन जा ना!"

"शी! गावाने चघळलेला शब्द तो. मला कोवळी मुळं हवीत. तुझी तिन्ही."

"मग दौलू माझ्याशी काय बोलेल?"

"काहीच नाही," परी प्रेमाने म्हणाली. "एकदा उपटलं की दोघांच्याही तोंडातून गेलं. नियमच आहे."

दौलू तिचा परकर ओढत होता. "लुला! लुला!"

तानीने डोळे गच्च मिटले. "घे."

परीने चिमुकल्या खुरप्याने मुळं उपटली. दौलूने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. मग तो परक्या बाईकडे बघावं तसा तानीकडे बघत राहिला. तानीला वाटलं, अख्खं रान विझलं.

झोपडीतून आईची हाक आली, "तानी, भूक लागली गं!"

तानी हसलीही नाही.

"गुणाची आहेस," परी म्हणाली. "मुळं नेते, माती ठेवते." तिच्याभोवती सोनेरी, निळा, डाळिंबी उजेड फुलला, रानभर झगमगला, आणि भिजक्या फटाक्यासारखा विझला. फुस्!

परी गेली.

दौलूने आभाळाकडे बोट केलं. "फुसा." मग टाळ्या पिटल्या. "फुसा फुसली!"

तानी थिजली. हे तिने शिकवलंच नव्हतं.

दौलूने तिच्या ओल्या गालाला बोट लावलं. बराच वेळ विचार केला.

"ढबा," तो म्हणाला.

ताईचं नवं नाव काही सुंदर नव्हतं. मग त्याने तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, घट्ट, आणि तिच्या कानात सांगितलं, "ढबतो."