मागच्या भिंतीवरचं उत्तर

या, बसा, पाणी घ्या. आणि आधी मला एक सांगा. बाजारात दोन दुकानं शेजारी शेजारी आहेत. पहिल्या दुकानात तुम्ही काहीही उचला, दुकानदार म्हणतो, "वा, काय नजर आहे तुमची." दुसऱ्या दुकानातला म्हातारा म्हणतो, "ठेवा ते खाली, घरी न्याल आणि मला शिव्या द्याल." तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? विचारलं की सगळे दुसऱ्याचं नाव घेतात. गर्दी बघावी तर पहिल्याच्या दारात. असो, गोष्ट ऐका.

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एक पाठशाळा होती. तिथल्या शेवटच्या वर्षाचं गणित म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. वर्ष संपलं की राजधानीहून कालव्यांचे मुख्य कारभारी यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे आणि जितकी मुलं पक्की निघतील तितक्यांना कालवे बांधायची विद्या शिकायला सोबत घेऊन जायचे. परीक्षा मात्र जन्मात एकदाच देता यायची.

त्या वर्षी वर्गात कासाराची सगुणा होती. हुशार होती आणि तितकीच रागीट. पाण्यावरून, रांगेवरून, चिंचेच्या तुकड्यावरूनसुद्धा भांडायची. तिच्या शेजारी बसायचा कुंभाराचा लखू. डोकं त्याचं सगुणेपेक्षाही तल्लख, पण स्वभाव असा की कुणाशी वाकडं नको. सगुणेला डोंगरापलीकडे पाणी न्यायचं होतं. बापाने तिला सांगून ठेवलं होतं, "या वर्षी निघालीस तर निघालीस. नाहीतर दुकानात बसायचं आणि मी बघेन ते स्थळ."

पाठशाळेत पूर्वी एक खडूस गुरुजी होते. पाट्यांवर फुल्या मारायचे. पोरं रडत घरी यायची, म्हणून गावाने पंचांकडे तक्रार करून त्यांना काढलं आणि त्याच वर्षी नवे गुरुजी आणले. नवे म्हणजे नुसता गूळ. त्यांनी काय केलं, सगळ्या गणितांची उत्तरं रंगाऱ्याकडून गेरूने वर्गाच्या मागच्या भिंतीवर लिहून घेतली. गणित करायचं, मागे वळून उत्तर बघायचं, जुळलं की गुरुजी पाटीवर हात फिरवून म्हणायचे, "शाब्बास." न जुळलेली पाटी त्यांच्यापुढे कधी जायचीच नाही. संध्याकाळी प्रत्येक घरात एकच प्रश्न, "आज शाब्बास मिळाली का?" मिळालेली असायचीच. गाव खूश होतं.

आमच्याही पेठेत असा एक गूळवाला होता. चाखायला ठेवलेली ढेप वेगळी, बांधून द्यायची वेगळी. गिऱ्हाईक एक ढेप चाखायचं आणि घरी दुसरीच न्यायचं. त्याच्याइतका गोड बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

एके दिवशी गणित आलं. नदीकाठी चौकोनी जमीन घ्यायची आहे. कुंपण ऐंशी हात आहे. नदीच्या बाजूला कुंपण नको, उरलेल्या तीन बाजूंनाच घालायचं. तर जास्तीत जास्त जमीन मिळायला नदीपासूनची रुंदी किती ठेवावी?

सगुणेने केलं. उत्तर आलं वीस. वळून पाहिलं तर भिंतीवर तीस. तिने पुसून पुन्हा केलं. पुन्हा वीस.

लखू कानाशी येऊन म्हणाला, "अगं, इथे बघ. नदीच्या बाजूचे चाळीस हात गुपचूप यात मिळव. ऐंशीचे एकशेवीस झाले. चारने भाग. आले ना तीस?"

"नदीला कुंपण घालू?"

"पाटीवर कुठे नदी आहे? सगळे असंच करतात. तू एकटीच शहाणी."

सगुणा तणतणत गुरुजींकडे गेली. "गुरुजी, माझं वीस येतंय."

गुरुजी हसले. "बाळ, सगळ्या वर्गाचं भिंतीशी जुळतंय. तिची चूक कशी असेल? बघ, कुठेतरी तुझंच घसरलं असेल. सावकाश कर, येईल."

आणि सगुणेने ते केलं. नदीला कुंपण घातलं, तीस आणले, पाटी पुढे केली. गुरुजींचा मऊ हात पाटीवरून फिरला. "शाब्बास."

घरी येईपर्यंत तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. राग भिंतीवर होता, गुरुजींवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता. जेवणाच्या ताटावरून ती उठली आणि पाटी घेऊन बसली. कोण बरोबर हे सांगायला तिथे भिंत नव्हती. मग तिने सरळ ताळा केला. भिंतीचं उत्तर प्रश्नातच घालून पाहिलं. रुंदी तीस, म्हणजे दोन बाजूंना साठ हात गेले, लांबीला उरले वीस. तीस गुणिले वीस, सहाशे. आता स्वतःचं. रुंदी वीस, दोन बाजूंना चाळीस गेले, लांबीला उरले चाळीस. वीस गुणिले चाळीस, आठशे. वीसच्या अलीकडचं एक घेतलं, पलीकडचं एक घेतलं, दोन्हीकडे जमीन कमीच भरली.

भिंत खोटी होती. रंगाऱ्याने आकडा चुकवला असेल, दुसरं काय. पण सगळ्या वर्गाने तो चुकलेला आकडा बरोबर असल्याचं पाटीपाटीवर सिद्ध करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने लखूला सांगितलं. तो हसून म्हणाला, "एखादं चुकलं असेल. बाकीची बरोबरच असतील की." आणि तो वळून पुढचं उत्तर बघायला लागला. सगुणेने खांदे उडवले.

त्या दिवसापासून ती भिंतीला पाठ करून बसली ती बसलीच. गणित करायचं, ताळा करायचा आणि नाही जमला तर आपल्याच हाताने पाटीवर फुली मारायची. फुल्या फार निघाल्या. जे येतं असं ती वर्षभर समजत होती त्यातलं अर्धं येतच नव्हतं. गुरुजींना तिची पाटी बघवेना. त्यांनी कासाराला बोलावून हळूच सांगितलं, "मुलीचं लक्ष उडालंय हो."

बाप घरी येऊन भडकला. "सगळ्यांच्या पोरांना शाब्बास, आणि तुझ्या पाटीवर फुल्या? लोक विचारतात मला."

"फुल्या माझ्या मीच मारल्यात," सगुणा म्हणाली. "खोटी शाब्बास हवी असेल तर उद्या आणून देते. रोजच्या रोज आणते."

त्यानंतर दोन महिने बाप तिच्याशी नीट बोलला नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. कारभाऱ्यांनी वर्गाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "आत उकडतंय. मुलांना माळावर बसवा." पाच गणितं घातली. पहिलंच गणित झालं आणि सवयीप्रमाणे सगळ्या वर्गाच्या माना एकदम मागे वळल्या. मागे नुसता माळ होता आणि एक म्हैस रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती. माना पुन्हा पुढे आल्या. लखूचा चेहरा पांढरा पडला होता.

पाट्या गोळा करण्याआधी कारभारी प्रत्येकापुढे जाऊन एकच प्रश्न विचारत होते. "यातली कोणती बरोबर आहेत?"

मुलं म्हणत, "ते तुम्ही सांगा ना."

लखूने पाचही गणितं लिहिली होती. तोही तेच म्हणाला. कारभाऱ्यांनी त्याची पाटी बराच वेळ पाहिली. "पोरा, तुझी पद्धत चांगली आहे. पण दरवेळी शेवटच्या ओळीत आकडा नीटनेटका दिसावा म्हणून काहीतरी जुळवतोस. का?"

लखूला ते कधी जुळवणं वाटलंच नव्हतं.

सगुणा म्हणाली, "तीन बरोबर आहेत, ताळा केलाय. चौथं चुकलंय, कुठे ते सापडत नाही. पाचव्याला हातच लावता आला नाही."

कारभाऱ्यांनी पाटी तपासली. तसंच होतं. ते म्हणाले, "कालव्याच्या मागे भिंत नसते. तिथे चूक कळते ती पाणी सोडल्यावर, आणि तोवर खाली माणसं राहायला आलेली असतात. आपलं काय चुकलंय हे ज्याला माहीत आहे त्याला मी पुढचं शिकवू शकतो." त्या वर्षी त्यांनी सगुणेला एकटीलाच निवडलं.

माळ रिकामा झाला. लखू तिथेच बसून होता. सगुणा जवळ गेली तर म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू हसलास."

"एकदा सांगितलंस. वाटीभर चिंचेसाठी तू अख्ख्या आळीशी भांडतेस, सगुणे. माझ्याशी एकदा भांडली असतीस."

सगुणा तिथून निघाली ती तडक गुरुजींच्या दारात.

"तुम्ही आम्हाला वर्षभरात एकदाही चूक म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "लखू माझ्यापेक्षा हुशार आहे. तुम्हाला ठाऊक होतं."

गुरुजींचे डोळे भरून आले. "अगं, आधीच्या गुरुजींना फुल्यांसाठीच काढलं ना गावाने? आणि तुम्ही सगळी मला फार आवडत होता. तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

"मग आता जाऊन बघा त्याचं तोंड. माळावर बसलाय."

मागोमाग आलेला कासार म्हणाला, "पोरी, मोठ्यांशी असं बोलतात का?"

"बाबा, तुम्ही तरी काय वेगळे? रोज शाब्बास विचारलीत. एका दिवशी तरी विचारलंत का, आज काय आलं नाही म्हणून?"

सकाळी बैलगाडी जुंपली. निघताना गुरूच्या पाया पडायची त्या गावची रीत होती. गुरुजी पाठशाळेच्या पायरीवर पाय जुळवून उभे होते. सगुणा त्यांच्यासमोर आली, क्षणभर थांबली आणि न वाकता गाडीत जाऊन बसली. लखू निरोप द्यायला आला नाही. त्याचं काही चुकलं नाही असं तिला वाटेत सारखं वाटत राहिलं.

तात्पर्य हे, की ज्याला कधीच तुमची चूक दिसत नाही तो तुमचा हितचिंतक नव्हे, आणि उत्तर आधी बघून मग वाट जुळवणारा शेवटी स्वतःलाच फसवतो.

तेव्हा मंडळी, एवढी एक विनंती आहे. मुलाला द्या, स्वतःला द्या, शाब्बास जरूर द्या, पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हा हिशोब तेवढा खरा ठेवा.