विसावी चूल

फार फार मागे, गावं लांबून धुरावरून ओळखली जात, तेव्हाची ही गोष्ट.

एका परगण्यात चौऱ्याऐंशी गावं होती. त्यातलं सगळ्यात लहान गाव डोंगराच्या पायथ्याशी. तिथे दोन भाऊ शेजारी शेजारी राहत. थोरल्याची चूल कधी पुरती विझत नसे. रोज पहाटे तो खापरावर निखारे घेऊन मधल्या भिंतीवरून द्यायचा आणि ओरडायचा, "धाकल्या, विस्तव घे! कोंबडी उठली, कुत्री उठली, तूच तेवढा राहिलास!" वाटेने जाणारा कुणीही त्याच्या चुलीपाशी बसून गरम भाकरी खाऊन जाई.

एका पावसाळ्यात थोरला तापाने गेला. धाकट्याने त्याच्या घराला कडी लावली.

पुढे एकदा, पुराने गाव वाहून गेलेलं एक कुटुंब थोरल्याच्या ओसरीवर टेकलं. नवरा, बायको, दोन लेकरं. धाकटा धावतच आला. "उठा! दादाच्या घरात कुणी पाऊल ठेवायचं नाही!" ती माणसं उठली आणि नदीकाठच्या वडाखाली जाऊन राहिली.

तोच राजाचा हुकूम आला. परगण्याची मोजणी होणार. वीस चुली असतील ते गाव. कमी भरल्या, तर गावाचं नाव यादीतून काढायचं आणि माणसं दुसरीकडे हलवायची.

गावात चुली होत्या एकोणीस. थोरल्याची धरली तर वीस.

मोजणीच्या सकाळी कारकून टेकडीवर बसून धूर मोजू लागला. धाकट्याने कडी काढली, दादाच्या चुलीत काटक्या कोंबल्या आणि पेटवल्या. धूर वर चढला. आता भिंतीपलीकडून हाक येईल, असं त्याला क्षणभर वाटलं. हाक आली नाही. चुली तपासत कारकून दारात आला.

"तवा कुठाय? पीठ कुठाय? या चुलीवर जेवतं कोण?"

"माझा दादा."

"बोलाव त्याला."

धाकटा काटक्या आत सारत राहिला. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "अरे वेड्या, लेकरं वडाखाली उपाशी ठेवून तुझ्या दादाने नुसता धूर केला असता का रे?"

कारकून म्हणाला, "पलीकडचं गाव मोजून दुपारी याच वाटेने येतो. तेव्हा दिसेल ते लिहीन."

धाकटा अनवाणी धावत सुटला, तो वडापाशीच थांबला. "चला. घरी चला."

"परवा तर हाकललंत," तो माणूस म्हणाला.

"परवा मी मूर्ख होतो. आजही आहे. पण चला."

"मोजणीपुरतं?"

धाकट्याने मान हलवली. "नाही. घर तुमचं. कायमचं."

दुपारी कारकून आला तेव्हा तव्यावर भाकरी फुगत होती आणि धाकटं लेकरू पहिल्या भाकरीसाठी रडत होतं. कारकुनाने यादीत गावापुढे वीस लिहिलं आणि तोही तिथेच जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटा अजून अंथरुणातच होता. मधल्या भिंतीवर खापर टेकल्याचा आवाज आला.

"दादा, उठलात का?" पलीकडून ती बाई म्हणाली. "विस्तव घ्या."

त्याला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी खापर घेतलं आणि डोळे पुसत निखाऱ्यांवर फुंकर घातली.

गेलेल्या माणसाचं घर कडी लावून जपता येत नाही. तिथे दुसऱ्याची चूल पेटली, तरच ते जपलं जातं.